स्थळप्रत

डोळे उघडे ठेवा. समोर टर्मिनलचा काळा पडदा आहे आणि त्यात मट हा ईमेलचा प्रोग्रॅम चालू आहे. चित्रं नाहीत, रंगीत बटणं नाहीत, माऊसला इथे काम नाही. एक पत्र लिहून झालंय. एडिटर बंद केला तरी मट ते लगेच पाठवत नाही. आधी सगळं एकदा समोर मांडतो: फ्रॉम, टू, सीसी, बीसीसी, सब्जेक्ट, रिप्लाय-टू आणि त्याखाली एफसीसी. वाय दाबलं की पत्र जाईल.

अजून दाबू नका. नजर वरून खाली सावकाश आणा आणि एफसीसीच्या ओळीवर थांबवा. वरच्या ओळींत माणसं आहेत. ज्यांना लिहिलं ती, ज्यांना कळावं असं वाटलं ती, आणि गुपचूप कळावं असं ज्यांच्याबद्दल वाटलं तीही. या ओळीत माणूस नाही, एका फाइलचं किंवा फोल्डरचं नाव आहे. तुमच्या पत्राची कार्बन कॉपी तिथे पडणार आहे. श्वास नेहमीसारखा चालू द्या, आणि स्वतःला एवढंच विचारा, ही जागा मी ठरवली का?

बहुतेकांचं उत्तर नाही असं येईल, आणि त्यात कमीपणा नाही. तुम्ही काही सांगितलं नसेल तर मट आपल्या मनाने जागा धरतो. तुमच्या घरच्या फोल्डरात सेंट नावाची एक फाइल करतो आणि जाणारं प्रत्येक पत्र तिच्या शेवटी जोडत राहतो. मायकेल एल्किन्सने १९९५ मध्ये लिहायला घेतलेला हा प्रोग्रॅम तसा कमी बोलणारा. शेकडो गोष्टी तो तुमच्यावर सोडतो, पण विचारायला येत नाही. तुम्ही जाऊन सांगितलं तर ऐकतो.

आपण आज सांगायला जाणार आहोत. पण जरा वेळाने.

मी हे साखरखेर्ड्यात बसून लिहितोय, तेव्हा तुम्हालाही थोडा वेळ इथे बसवतो. बुलढाणा जिल्हा, सिंदखेडराजा तालुका. जिजाऊंचं माहेर याच तालुक्यातलं. भोवती सोयाबीनचं रान. गावात पळसिद्धांचा मठ आहे, आणि गोंदवलेकर महाराजांच्या परंपरेतले प्रल्हाद महाराज रामदासी इथलेच. बाहेरगावचे लोक इथे येतात ते नामाला बसायला. आपण एका ओळीला बसू. रेंज दोन कांड्यांच्या वर जात नसेल, तर अक्षरांपुरतं चालणारं हे साधन बरं पडतं. पत्र ओढायला वेळ लागत नाही आणि बसायला वेळ मिळतो.

आता याच शिवारात तीनशे वर्षं मागे जा.

१७२४ सालचा ऑक्टोबर. एका बाजूला निजाम-उल-मुल्क. दिल्लीची वजिरी करून, दरबाराला कंटाळून तो दक्षिणेत परत आलेला, आणि मराठ्यांची मदत त्याच्याकडे. समोर हैदराबादचा सुभेदार मुबारिजखान. लढाई याच साखरखेर्ड्याला झाली. मुबारिजखान पडला. निजाम पुढे कोणाच्या हुकमाखाली राहिला नाही, आणि हैदराबादचं राज्य इतिहासकार याच दिवसापासून मोजतात.

आपल्याला लढाईशी काम नाही. तिच्याआधी दिल्लीहून निघालेल्या पत्राशी आहे. मुबारिजखान निजामावर चालून आला तो बादशहा मुहम्मदशहाच्या गुप्त सांगीवरून. निजामाला हटव, दक्षिणेचा सुभा तुझा. उघडपणे निजाम बादशहाचा मानाचा सरदार होता. आतून त्याच्या नाशाची चिठ्ठी गेली होती. निजामाला हे कळलेलं होतं. लढाईनंतर त्याने काय करावं? मुबारिजखानाचं शीर दिल्लीला पाठवलं आणि सोबत बादशहाचं अभिनंदन केलं, जणू एक बंडखोर मारून आपण सरकारचीच सेवा केली. बादशहा काय बोलणार? मी तर त्याला पाठवलं होतं, असं म्हणता येईना. १७२५ मध्ये त्याने निजामाला आसफजाह हा किताब धाडला आणि दक्षिणेचा कारभार त्याच्याकडेच कायम केला.

इथे थांबा. मुहम्मदशहाच्या जागी बसून बघा. तुम्ही दोन पत्रं पाठवली आहेत. एक किताबाचं, थाटाचं, दरबारात वाचून दाखवता येईल असं. दुसरं ते. पहिल्याची प्रत कुठे ठेवाल, हा प्रश्नच पडत नाही. दुसऱ्याची?

आता स्वतःकडे या. फार खोल जायची गरज नाही, गेल्या काही महिन्यांतलंच आठवा. एखादं पत्र असेल, ज्याच्या बीसीसीत कोणाचं तरी नाव होतं. मुख्य माणसाला कळू नये आणि या तिसऱ्याला कळावं, म्हणून घातलेलं. त्यात वाईटच असेल असं नाही. कधी काळजीपोटीही घालतो. ते नाव आठवा. मग ही गोष्ट नीट ऐका. पाठवलेल्या पत्रातून बीसीसीची ओळ गळते, ती गळावी म्हणूनच असते. पण मट जी प्रत तुमच्या फोल्डरात टाकतो, त्या प्रतीत ती ओळ कायम असते. मटच्या माहितीपुस्तकात हे स्वच्छ लिहिलंय आणि ते बंद करायची सोय नाही. ज्याला पत्र मिळालं त्याच्याकडे तुमची अर्धी गोष्ट आहे. ज्याला गुपचूप मिळालं त्याच्याकडेही पूर्ण नाही, कारण आणखी कोणाला गुपचूप गेलं हे त्याला दिसत नाही. सगळी नावं एकत्र आहेत ती फक्त तुमच्याकडच्या प्रतीत.

ही प्रत कोणासाठी असते, याचा विचार बहुतेक जण पुराव्याच्या बाजूने करतात. उद्या कोणी म्हणालं, तुम्ही कळवलंच नव्हतं, तर दाखवायला. ते खरंच आहे. पण त्या पत्राबद्दल सर्वात जास्त माहिती असलेला कागद दुसऱ्या कोणाकडे नसून स्वतःकडे असतो, आणि तो आपणच उघडत नाही. आलेली पत्रं आपण पुन्हा पुन्हा वाचतो. पाठवलेली कोण वाचतं?

ही ओळ थोडा वेळ तशीच राहू द्या.

जुन्या मराठी दफ्तरात या बाबतीत शिस्त होती. पत्राच्या शेवटी मोर्तब पडायचं, म्हणजे त्याखाली कोणी ओळ घुसडू नये. दफ्तरात नोंद झाली की पत्रावर तशी खूण व्हायची, तिला बार म्हणत. तरीही पाठवलेलं पत्र शेवटी राहतं ते मिळालेल्याकडे. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि पुढे बावीस खंडांपर्यंत काम गेलं, ते जुन्या घराण्यांच्या वाड्यांत, माळ्यांवर, बासनांत हात घालून. मिरजेला वासुदेवशास्त्री खऱ्यांनी पटवर्धनांचं दफ्तर वाचून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापला. पुण्याच्या पेशवे दफ्तरातून गो. स. सरदेसायांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत पंचेचाळीस भाग काढले. पेशव्यांना लोकांनी काय लिहिलं ते पुण्यात विपुल आहे. पेशव्यांनी लोकांना काय लिहिलं ते शोधायचं तर त्या लोकांच्या घरी जावं लागलं. म्हणजे आपला शब्द दुसऱ्याच्या फडताळात, आणि त्याच्या घरातल्या वाळवीच्या भरवशावर.

तुमची पत्रंही आत्ता तशीच आहेत. कोणाच्या तरी इनबॉक्समध्ये, कोणीतरी पुसेपर्यंत. हे कळल्यावर मनात काय हलतं ते बघा. काहींना बरं वाटतं, काहींना कसनुसं. दोन्ही ठीक आहे.

आता हातात कागद असलेल्या एका माणसाकडे पाहू. तालुक्याच्या कुठल्याही कार्यालयात सकाळी साडेदहा-अकराला हा माणूस दिसतो. पीकविम्याचा अर्ज, नाहीतर फेरफाराचा. घरून निघताना अर्ज एकच होता; रस्त्यात झेरॉक्सवाल्याकडे थांबून त्याने दोन केले. आवक-जावकच्या टेबलाशी तो दोन्ही पुढे करतो. लिपिक एक ठेवून घेतो, दुसऱ्यावर कोपऱ्यात गोल शिक्का उमटवतो, आत तारीख टाकतो, आवक क्रमांक लिहितो, खाली एक लफ्फेदार सही करतो जी कोणालाही वाचता येणार नाही. ही पोहोच. माणूस शाई वाळेपर्यंत कागद हातात धरून उभा राहतो. मग चार घड्या घालतो, प्लास्टिकच्या पिशवीत घालतो, ती पिशवी शर्टाच्या आतल्या खिशात. अर्जाचं पुढे काय होईल ते होवो, पण हा कागद घरात कुठे ठेवायचा हे त्याच्या मनात आधीच पक्कं आहे. पत्र्याची पेटी, तिच्यात सातबाऱ्याच्या खाली.

सरकारचंही असंच असतं. शासनाचं कुठलंही पत्र किंवा निर्णय शेवटपर्यंत वाचा. खाली ‘प्रत’ म्हणून यादी असते, मंत्र्यांचे खाजगी सचिव, जिल्हाधिकारी, कोषागार अधिकारी वगैरे वगैरे, आणि अगदी शेवटी एक ओळ, निवडनस्ती. सगळ्यांना पाठवून झाल्यावर एक प्रत स्वतःच्या नस्तीला. कार्यालयात राहते ती स्थळप्रत. मूळ सही पुष्कळदा तिच्यावरच असते आणि बाहेर जाते ती नक्कल. कचेरीच्या भाषेला आपण हसतो, मीही हसतो, पण ही शेवटची ओळ मला फार आवडते.

मटची एफसीसी म्हणजे ही निवडनस्तीची ओळ. पोहोच मात्र ती नव्हे, आणि हा फरक मनात नीट बसवा. फोल्डरात प्रत पडली याचा अर्थ पत्र समोरच्याला मिळालं, असा होत नाही. पाठवणं आणि प्रत ठेवणं ही मटची दोन वेगळी कामं आहेत. सर्व्हरने पत्र घेतलं याची खूण म्हणून तो २५० हा आकडा परत देतो, पण तो आकडा तुमच्या प्रतीवर कुठे उमटत नाही. प्रत कोरीच राहते. तिच्यावर कोणाचा शिक्का नाही, कोणाची सही नाही. ‘सेंट’मध्ये दिसतंय म्हणजे पोचलं, असं धरून लोक आठ-आठ दिवस उत्तराची वाट बघतात आणि मग समोरच्यावर रागावतात. त्या रागातला एखादा तुमचा असेल तर आत्ताच सोडून द्या; एक फोन करून विचारा.

आता सांगायला जाऊ. मटला जे सांगायचं ते जिच्यात लिहितात, ती मटआरसी ही फाइल उघडा. घरच्या फोल्डरात असते, नावाआधी टिंब असतं म्हणून साध्या यादीत दिसत नाही. तिच्यात रेकॉर्ड नावाच्या व्हेरिएबलला जागा द्यायची. अवतरणचिन्हांत अधिकचं चिन्ह आणि पुढे फोल्डरचं नाव. अधिक म्हणजे तुमची पत्रपेटी जिथे आहे तिथलाच, असा अर्थ. पेटी स्वतःच्या यंत्रावर असेल तर प्रत इथेच राहील, या खोलीत, या डिस्कवर. पेटी आयमॅपने दूरच्या सर्व्हरवर असेल तर प्रत तिकडे जाईल, मग ती फोनवरही दिसेल आणि यंत्र बिघडलं तरी राहील.

दूरचा पर्याय निवडताना इथल्या रेंजची आठवण ठेवा. पत्र एकदा जातं आणि प्रत पुन्हा एकदा जाते. सातबाऱ्याचा जाडजूड स्कॅन जोडला असेल तर तोही दोनदा चढतो. त्यासाठी एफसीसी-अटॅच आहे. ते बंद केलं की प्रतीत जोडलेल्या फाइली येत नाहीत, नुसता मजकूर राहतो. पण मग वर्षभराने ‘सोबत जोडले आहे’ वाचाल आणि सोबत काय होतं ते आठवणार नाही. जीमेलच्या सर्व्हरवरून पाठवत असाल तर तो प्रत आपण होऊन ठेवतो. तेव्हा रेकॉर्ड रिकामं करून टाका, नाहीतर प्रत्येक पत्र दोनदा दिसेल.

ही झाली सोय. बसून विचार करण्यासारखं पुढे आहे.

मटला असंही सांगता येतं की प्रत माणसागणिक ठेव. सेव्ह-नेम लावलं तर ज्याच्या नावाचा फोल्डर आधीच आहे त्याची प्रत त्या फोल्डरात जाते. फोर्स-नेम लावलं तर नसला तरी नवा होतो. एफसीसी-हुक तर आणखी बारीक. अमुक पत्त्याला लिहिलं तर अमुक ठिकाणी, असा एकेक नियम. करून बघा, मनातल्या मनात. धाकट्या भावाला लिहिलेलं सगळं एका जागी. बहिणीला लिहिलेलं दुसऱ्या. ज्याच्याशी बोलणं तुटलं त्याला लिहिलेलं तिसऱ्या. तारखेच्या ओघात हे सगळं एकमेकांत मिसळलेलं असतं, म्हणून जाणवत नाही. वेगळं केलं की प्रत्येकाशी आपण कुठल्या आवाजात बोलतो ते ऐकू येतं. एका फोल्डरात सगळी पत्रं ‘पैसे पाठवले’ एवढीच आहेत, असंही निघेल.

दुसरी एक रीत मला जास्त पटते. मटमध्ये घाताचं चिन्ह, ती छोटी टोपी, म्हणजे आत्ता उघडलेली पेटी. फोल्डर-हुक वापरून रेकॉर्डला ती टोपी दिली की तुमचं उत्तर वेगळ्या फोल्डरात जात नाही. ज्या पेटीत बसून लिहिलं तिथेच पडतं, त्यांच्या पत्राखाली. त्यांनी विचारलं, तुम्ही सांगितलं, त्यांनी पुन्हा विचारलं, असं सगळं एका धाग्यात वाचता येतं. आपला शब्द एकटा वाचला की शहाणा वाटतो. समोरच्याच्या प्रश्नाशेजारी ठेवला की कळतं, त्याने विचारलं एक आणि आपण तीन परिच्छेद दुसऱ्याच गोष्टीवर लिहिले. मुहम्मदशहाचं गुप्त पत्र आणि किताबाचं पत्र एकाच बासनात एकाखाली एक बांधलं असतं, तर दिल्लीच्या कुठल्याही कारकुनाला दरबार कळला असता.

जुन्याचं काय करायचं, हा प्रश्न मट विचारत नाही. पाइन विचारायचा. वॉशिंग्टन विद्यापीठात १९८९ मध्ये सुरू झालेला हा प्रोग्रॅम. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने आपल्याकडे इंटरनेट सर्वांना खुलं केलं, तेव्हा अक्षरांपुरतंच चालणारं शेल खातं ज्यांनी घेतलं त्यांतल्या पुष्कळांनी पहिली पत्रं पाइनमध्ये लिहिली. नवा महिना लागला की तो थांबवायचा. गेल्या महिन्यातलं सेंट-मेल महिन्याचं नाव देऊन वेगळं ठेवू? हो म्हटलं की पुढचा प्रश्न यायचा, मागच्या महिन्यांतलं पुसू? तेव्हा डिस्कवर जागा थोडी, म्हणून हा व्यवहारी प्रश्न होता. आज जागेला तोटा नाही, त्यामुळे कोणी विचारत नाही आणि आपण काहीच पुसत नाही. महिन्याच्या पहिल्या तारखेला हा प्रश्न आपणच स्वतःला घालावा. पुसायचं की ठेवायचं ते दुय्यम. ‘मागच्या महिन्यातलं’ म्हणताना ते एकदा डोळ्यांखालून जातं.

गुप्त लिपीत पत्र पाठवणाऱ्यांसाठी आणखी एक. एफसीसी-क्लिअर चालू केलं की बाहेर जाताना पत्र कुलूपबंद जातं आणि तुमच्याकडची प्रत उघडी राहते. कोणाला हे सोयीचं वाटतं, कोणाला धोक्याचं. तुमच्या यंत्राला आणखी कोणाचे हात लागतात, त्यावर ठरवा.

आता त्या पडद्याकडे या. पत्र अजून तिथेच आहे. एफसीसीच्या ओळीत आता तुम्ही ठरवलेली जागा दिसतेय. या एका पत्रापुरती ती नको असेल तर एफ दाबून बदला. पुसून रिकामी केली तर प्रत राहणार नाही. तेही चालतं, फक्त पुसताना हाताला कळू द्या आपण काय करतोय ते.

एकच गोष्ट ठरवायची राहिली. आधी प्रत ठेवायची की आधी पाठवायचं? पूर्वी मट आधी प्रत ठेवायचा आणि मग पाठवायचा. २०१९ च्या १.१२ या आवृत्तीपासून क्रम उलटला. आधी पाठवतो, मग प्रत ठेवतो, आणि प्रत ठेवता आली नाही तर पुन्हा करू की दुसरीकडे ठेवू, असं विचारतो. जुना क्रम हवा असेल तर एफसीसी-बिफोर-सेंड चालू करायचं. नवा क्रम तर्काला धरून आहे, कारण जे गेलंच नाही त्याची प्रत कशाला? तरी मी जुनाच ठेवलाय. रेंज मध्येच जाते, पत्र अडकतं, आणि न गेलेल्या पत्राची प्रत फोल्डरात पडून राहते. ती मग हाताने काढावी लागते. काढण्याआधी वाचली जाते, आणि कधीकधी वाचल्यावर ते पत्र मी पुन्हा पाठवत नाही.